यंत्र घेण्याआधी थांब्यांचा हिशोब द्या

लहान-मध्यम कारखान्यांची उत्पादकता कशी वाढवायची असं विचारलं की सरकार, बँक, यंत्रविक्रेता आणि खुद्द मालक या चौघांचं चटकन एकमत होतं: नवं मशीन घ्या. अनुदान मशीनवर मिळतं, कर्ज मशीन तारण ठेवून मिळतं, घसाऱ्याची करसवलतही मशीनवरच. सेटिंगचा, म्हणजे मशीन एका कामावरून दुसऱ्या कामासाठी तयार करण्याचा, वेळ निम्म्यावर आणण्यासाठी मात्र कोणी कर्ज देत नाही, कारण हप्ते थकले तर जप्त करायला तिथे काही नसतं. धोरणाचा ओढा असा तारणाच्या सोयीने ठरला आहे आणि त्याला आपण आधुनिकीकरण म्हणतो. हा क्रम उलटा आहे. बहुतेक लहान कारखान्यांचा वेळ मशीन हळू चालण्यात जात नाही. तो जातो माल पडून राहण्यात आणि मशीन उभं राहण्यात. सार्वजनिक पैसा आधी या थांब्यांवर खर्च व्हावा, मशीनवर नंतर.

माल किती पडून राहतो याचा अंदाज कागदावरही येतो. चार ऑपरेशनचा, म्हणजे चार मशीनांवरच्या चार टप्प्यांचा, एक साधा जॉब (काम) घ्या. प्रत्येक ऑपरेशनला नगामागे २ मिनिटं, म्हणजे एका नगावरचं प्रत्यक्ष काम ८ मिनिटांचं. लॉट, म्हणजे एका दमात काढायचा गट, ४०० नगांचा आहे आणि पूर्ण लॉट झाल्याशिवाय माल पुढच्या मशीनकडे सरकत नाही. एका ऑपरेशनला ८०० मिनिटं लागली. जेवण-चहा वगळून शिफ्टमध्ये ४५० मिनिटं धरली, तर चार ऑपरेशनना सात शिफ्टहून जास्त वेळ लागतो. यात सेटिंग नाही, ब्रेकडाउन नाही, पुढचं मशीन दुसऱ्या जॉबमध्ये अडकलंय म्हणून रांगेत थांबणं नाही. सगळं झकास चालू असताना ८ मिनिटांच्या कामाला सात शिफ्ट.

आता यातलं एक मशीन दुप्पट वेगाचं आणलं तर सातातली जेमतेम एक शिफ्ट वाचते. त्याऐवजी लॉट तोच ठेवून माल १००-१०० च्या चार भागांत पुढे सरकवला, पहिले १०० झाले की लगेच दुसऱ्या मशीनवर, तर पूर्ण ४०० नग १४०० मिनिटांत बाहेर पडतात. म्हणजे तीन शिफ्टच्या थोडंच वर. यासाठी एकही जादा सेटिंग लागत नाही. लागतात ते लहान बिन (खोकी), जवळजवळ लावलेली मशीनं आणि पुढचं मशीन वेळेवर सेट करून ठेवणारा माणूस. पंचाईत या शेवटच्या गोष्टीत असते. पुढचं मशीन बहुधा मोकळं नसतं, कारण तिथे दुसरा कुठला तरी ४०० चा लॉट बसलेला असतो.

अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम गणिताने सिद्ध केला. साध्या भाषेत तो असा: शॉपफ्लोअरवर अर्धवट पडलेले नग भागिले रोज बाहेर पडणारे नग, म्हणजे माल आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे सरासरी दिवस. आत ६०० नग पडलेत आणि रोज ४० जातात, तर नव्या ऑर्डरला १५ दिवस लागणार. सेल्सने ग्राहकाला आठ दिवसांचा शब्द दिला असेल तर तो पाळण्याचा एकच मार्ग उरतो: दुसऱ्या कोणाची तरी ऑर्डर मागे ढकलायची. बहुतेक कारखान्यांत 'अर्जंट' लिहिलेल्या लाल पट्ट्या येतात त्या इथून. निम्म्या बिनांवर लाल पट्टी लागली की तिला काही अर्थ राहत नाही. मग सुपरवायझर पट्टीच्या रंगाऐवजी फोन कोणाचा आला यावर क्रम लावतो.

लॉट मोठे का असतात? कोणी हौसेने ठेवत नाही. सेटिंगला दोन तास लागत असतील तर पन्नास नगांसाठी ते कोण करेल? म्हणून पुढच्या महिन्याचाही माल आताच काढून ठेवला जातो. तो स्टोअरमध्ये धूळ खातो, त्यात पैसा अडकतो आणि त्यातच चूक लपते. ४०० नगांमधली बोअरची (आतल्या छिद्राची) चूक चौथ्या ऑपरेशनला कळली की ४०० च्या ४०० रिवर्कला (दुरुस्तीला) किंवा भंगारात.

हे कोडं सोडवलं जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी. १९५० मध्ये हिरोशिमातल्या तोयो कोग्यो या कारखान्यात, म्हणजे पुढे माझ्दा नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीत, मोठ्या प्रेस कमी पडतात अशी तक्रार होती आणि आणखी प्रेस घेणं हाच उपाय मानला जात होता. शिंगो घड्याळ घेऊन उभे राहिले. ८०० टनी प्रेसवर डाय (दाबून आकार देणारा साचा) बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला आणि तासाभराहून जास्त वेळाने परतला, तो दुसऱ्याच डायसाठी ठेवलेला लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून. तेवढा वेळ ती प्रचंड प्रेस उभी. शिंगोंनी तिथे सेटिंगच्या कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबल्याशिवाय करता येत नाही ते, आणि मशीन आधीचा जॉब काढत असतानाही करता येतं ते. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांचं होतं. ते आधी दीड तासावर आलं आणि नंतरच्या काही महिन्यांत तीन मिनिटांवर. लहान कारखान्याला तीन मिनिटांची गरज नाही. दोन तासांचे चाळीस मिनिटं झाले तरी त्याचं अर्थकारण बदलतं.

हे कसं होतं ते तपशिलात सांगितलं पाहिजे, कारण भाषणात 'सेटिंग टाइम कमी करा' एवढंच म्हणतात. आधी एका पूर्ण सेटिंगचं मोबाइलवर चित्रण करायचं, जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या जॉबच्या पहिल्या मंजूर नगापर्यंत. स्पिंडल पुन्हा फिरला की सेटिंग संपलं असं धरलं तर निम्मा वेळ हिशोबातून निसटतो. मग ते सेटर आणि ऑपरेटरला सोबत बसवून पाहायचं, प्रत्येक हालचालीसमोर मिनिटं लिहायची. पाना शोधणं, क्रेनची वाट, ड्रॉइंग आणायला जाणं, जॉ (नग पकडणारे जबडे) बोअर करणं, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) टाकणं, पहिला नग क्यूसीकडे (गुणवत्ता तपासणीकडे) नेऊन तिथे थांबणं. यातली थांबण्याची, शोधण्याची, आणण्याची कामं मशीन चालू असतानाच उरकायची असतात. निव्वळ एवढ्या विभागणीने ३० ते ५० टक्के वेळ वाचतो असं शिंगो सांगत. ही विभागणी करण्याआधीच हायड्रॉलिक क्लॅम्प विकत घेणारे मात्र पुष्कळ. क्लॅम्प दहा सेकंदांत आवळतो आणि मग सगळे मिळून क्रेनची वाट पाहतात.

प्रेसवर सर्वात जास्त वेळ खातात डायच्या वेगवेगळ्या उंच्या. प्रत्येक डायला रॅम (वरून दाबणारा भाग) वर-खाली करून शट हाइट (प्रेस मिटलेली असतानाची उंची) जुळवावी लागते. सगळ्या डायखाली कायमच्या पॅकिंग प्लेट बसवून उंची एक केली की हे काम संपतं. क्लॅम्प बसतो त्या कडेची जाडीही एकच करायची, म्हणजे बोल्टची लांबी आणि पाना एकच राहतो. बोल्टला पंधरा आटे असले तरी आवळण्याचं काम शेवटचा एक आटाच करतो, बाकीचे चौदा फक्त फिरवायचे. खाचेत बोल्ट बाजूने सरकवता आला तर ते फिरवणंही नको. डाय कुठे बसवायची हे डोळ्याने आणि हातोडीने ठरत असेल तर बेडवर दोन लोकेटिंग पिना लावायच्या. या सगळ्याचा खर्च टूलरूमच्या मजुरीएवढा.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, लेथवर गोष्ट वेगळी. तिथे सॉफ्ट, म्हणजे कापून आकार देता येणारे, जॉ दर वेळी मशीनवरच बोअर केले जातात. बोअर केलेला संच तीन जॉंवर क्रमांक ठोकून, जॉबच्या नावाने जपून ठेवला आणि परत त्याच खाचेत, त्याच दाबाने लावला, तर बऱ्याच जॉबना पुन्हा बोअर करावं लागत नाही. ज्यांची कॉन्सेंट्रिसिटी (मध्य एकमेकांशी जुळणं) कडक आहे त्यांना हलका हात फिरवावा लागतो. बारा जागांच्या टरेटवर (टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीवर) सहा टूल कायमची बसवून ठेवायची, रफिंग, फिनिशिंग, ड्रिल वगैरे, आणि सगळे प्रोग्राम त्याच क्रमांकांना धरून लिहायचे. हे प्रोग्रामरला नको असतं, कारण प्रत्येकाची आपापली सवय असते. मालकाने इथे नमतं घेऊ नये.

प्लास्टिक मोल्डिंगमध्ये मोल्ड (साचा) चढवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त तो तापायला आणि माल सुकायला लागतो. नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेटसारखा ओलावा धरणारा माल तीन-चार तास ड्रायरमध्ये लागतो. मोल्ड चढल्यावर ड्रायर सुरू करणारी शिफ्ट मशीनला तेवढे तास बसवते किंवा ओला माल चालवून चांदीसारख्या रेघांचे नग काढते. रंगांचा क्रम फिक्याकडून गडदाकडे ठेवला तर बॅरल साफ करण्यातला मालही वाचतो आणि वेळही.

सुधारणा टिकत का नाही, हेही ठरलेलं आहे. सेटिंगच्या ट्रॉलीवरचा पाना मेंटेनन्सवाला नेतो आणि आणत नाही. दोन महिन्यांत ट्रॉलीवर भलतंच सामान असतं. हुशार सेटर आपलं सामान कुलपात ठेवतो, मग तो रजेवर असला की सेटिंगच होत नाही. आणि पहिल्या नगाची मंजुरी. क्यूसीचा एकच माणूस पाच मशीनना पुरत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात बसवलेलं मशीन पाऊण तास सहीसाठी उभं राहतं. उपाय म्हणून पहिला नग ऑपरेटरने तपासायचा, क्यूसीने दुसरा किंवा पाचवा. त्यासाठी दोघांची मापं एकमेकांशी जुळली पाहिजेत. तेच दहा नग दोघांनी दोन-दोनदा मोजून पाहिले की कळतं. दोघांच्या मापातला फरक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) तिसऱ्या हिश्शाइतका निघाला तर भांडण माणसांचं नाही, गेजचं (मोजण्याच्या साधनाचं) किंवा गेज धरण्याच्या पद्धतीचं आहे.

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण परिणामकारकतेचा टक्का, या आकड्याबद्दल बोललं पाहिजे, कारण तो हल्ली प्रत्येक फलकावर दिसतो. जपानचे सेइची नाकाजिमा यांनी तो मांडला. हिशोब सोपा आहे. शिफ्टची ४५० मिनिटं, त्यातली ९० सेटिंग आणि ब्रेकडाउनमध्ये गेली, उरली ३६०. ठरलेला सायकल टाइम एक मिनिटाचा, म्हणजे ३६० नग निघायला हवेत, निघाले २८८. त्यातले चांगले २७४. तर २७४ भागिले ४५०, म्हणजे सुमारे ६१ टक्के. ८५ टक्के हा उत्तम मानला जाणारा आकडा. एवढ्यापर्यंत ठीक. घोटाळा पुढे आहे. हा आकडा वाढवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे लॉट मोठा करणं. सेटिंग कमी वेळा, मशीन जास्त वेळ चालू, फलकावर ७५ टक्के, आणि स्टोअरमध्ये कोणी न मागितलेला माल. सायकल टाइमही मुळात ढिला लिहिलेला असला तर आकडा आपोआप छान दिसतो. म्हणून ज्या मशीनवर कारखाना अडतो त्या एकाच मशीनचा ओईई रोज पाहावा. बाकीच्यांचा पाहून काय करणार?

अडणारं मशीन शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. ज्याच्यापुढे माल सतत साचलेला असतो आणि ज्याच्यानंतरची मशीनं मालाची वाट पाहत असतात ते. (महिन्यातून एकदा साचणारा ढीग धरू नका, तो महिनाअखेरच्या घाईचा असतो.) या मशीनचा गेलेला तास म्हणजे पूर्ण कारखान्याचा गेलेला तास. एवढं मान्य असूनही जेवणाच्या सुट्टीत ते बंद असतं. दुसऱ्या ऑपरेटरला शिकवून जेवणाच्या वेळा मागेपुढे केल्या तर रोजची तीसेक मिनिटं विनाखर्च मिळतात. त्या मशीनवर जाणारा माल आधीच तपासायचा, म्हणजे त्याचा वेळ आधीच बिघडलेल्या नगावर खर्च होत नाही. त्याच्यावरची दोन-तीन सोपी ऑपरेशनं कोपऱ्यात पडलेल्या जुन्या मशीनवर टाकायची, तिथे दुप्पट वेळ लागला तरी चालेल. हिशोबनीस याला हरकत घेतो, कारण नगामागचा खर्च कागदावर वाढतो. कागदावर.

याच्या उलट बाजूने एक चूक होते, ती म्हणजे प्रत्येक मशीन पूर्ण भरून ठेवण्याचा अट्टाहास. रांगांचं गणित इथे फार निर्दय आहे. काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक कामाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर साध्या नमुन्यात मशीन ८० टक्के भरलेलं असताना रांगेतली वाट एका कामाच्या सरासरी वेळेच्या चौपट असते, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. ८० वरून ९५ वर नेऊन उत्पादन पाचव्या हिश्शाहून कमी वाढलं आणि वाट जवळजवळ पाचपट झाली. लहान कारखान्यात कामं अनियमितच येतात. मग मालक म्हणतो, सगळी मशीनं चालू आहेत, माणसं रात्रपाळी करतायत, तरी माल वेळेवर जात नाही. तरी नव्हे, म्हणूनच जात नाही.

गुणवत्तेचा हिशोबही असाच फसवा. पाच ऑपरेशन आणि प्रत्येकाला ९५ टक्के नग पहिल्या फटक्यात बरोबर, हे ऐकायला बरं वाटतं. पाचही ऑपरेशन बिनचूक पार करणारे नग निघतात ७७ टक्के. उरलेल्या २३ पैकी बरेच रिवर्क होऊन जातात, त्यामुळे रिजेक्शनच्या रजिस्टरात दोन-तीन टक्केच दिसतात. रिवर्कला लागलेला वेळ कुठेच लिहिलेला नसतो. तो अडणाऱ्या मशीनवर लागत असेल तर नुकसान भंगार झालेल्या मालापेक्षा मोठं असतं.

आता सार्वजनिक धोरणाकडे येऊ. अमेरिकेने १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम चालवला. युद्धामुळे अनुभवी माणसं निघून गेली होती, नवी मशीनं मागून मिळत नव्हती आणि उत्पादन तर वाढवायचं होतं. सरकारने लक्ष दिलं ते सुपरवायझरांवर. काम कसं शिकवायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची, माणसांशी कसं वागायचं, असे प्रत्येकी दहा तासांचे वर्ग, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. १६ हजारांहून जास्त कारखान्यांत १६ लाखांहून अधिक लोकांनी ते पूर्ण केले. युद्धानंतर हेच वर्ग जपानमध्ये पोहोचले आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या प्रशिक्षणात मुरले. आजच्या बऱ्याच योजनांमध्ये मालकासाठी हॉटेलातलं चर्चासत्र असतं, मशीनसाठी अनुदान असतं, आणि सेटर व सुपरवायझर या दोघांसाठी काहीच नसतं. कारखान्याचा रोजचा वेळ याच दोघांच्या हातात असतो.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कापड कारखान्यांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही कारखान्यांना सल्लागार पुरवले आणि रोजची देखभाल, दोषांची नोंद, सुट्या भागांचा साठा, मालाची मांडणी अशा ३८ साध्या पद्धती रुजवल्या. ज्यांना ही मदत मिळाली नाही त्यांच्याशी तुलना केली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. सुमारे आठ-नऊ वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा रुजवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटून गेल्या होत्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ नव्हता, ही कारणं. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. या दोन्ही निकालांकडे एकत्र पाहायला हवं. पहिला सांगतो की विनायंत्र सुधारणा होते. दुसरा सांगतो की एकदा सल्लागार पाठवून भागत नाही, दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारावं लागतं.

म्हणून योजनांमध्ये एक छोटी अट घालावी. यंत्रासाठी अनुदान मागणाऱ्याने ज्या मशीनवर कारखाना अडतो त्याची चार आठवड्यांची थांब्यांची नोंद जोडावी. चार आठवडे अशासाठी की महिनाअखेरचा आठवडा त्यात यायलाच हवा. पाच मिनिटांवरचा प्रत्येक थांबा: थांबलं कधी, चालू झालं कधी, कारण काय. कारणं आठाच्या वर नकोत. सेटिंग, माल नाही, माणूस नाही, टूल किंवा डाय, ब्रेकडाउन, तपासणीची वाट, वीज किंवा हवा, ड्रॉइंग किंवा प्रोग्राम. 'इतर' हा रकाना दहा टक्क्यांवर गेला तर नोंद पुन्हा करायची. नोंद थांबा झाला त्याच वेळी लिहिलेली हवी. शिफ्ट संपताना आठवून लिहिलेल्या नोंदीत सगळे थांबे पंधरा, तीस आणि साठ मिनिटांचे असतात, ते बघताक्षणी ओळखू येतं. नोंदीवरून कोणाला बोल लावला की दुसऱ्या दिवसापासून खरी नोंद मिळत नाही, हे मालकाला आधीच सांगावं लागेल.

मशीनला सेन्सर लावून हे आपोआप होईल, मग कागद कशाला, असा प्रश्न येईल. सेन्सर मशीन किती वेळ थांबलं ते अचूक सांगतो. का थांबलं ते ऑपरेटरलाच सांगावं लागतं, आणि पडद्यावरच्या यादीत तो सगळ्यात वरचं कारण दाबतो. नियोजनाच्या सॉफ्टवेअरचंही तेच. सायकल टाइम कोटेशन देताना अंदाजाने टाकलेले, बिल ऑफ मटेरिअल (लागणाऱ्या मालाची यादी) जुन्या ड्रॉइंगचं, स्टोअरचा साठा कागदावर एक आणि रॅकवर दुसरा. अशा पायावर ते सॉफ्टवेअर चुकीच्या तारखा फार वेगाने काढून देतं. कागदावर चार महिने नीट चाललं की मग सेन्सर घ्यावेत, तेव्हा काय विचारायचं ते कळलेलं असतं.

या मांडणीवर दोन आक्षेप मला खरे वाटतात. पहिला असा की अकार्यक्षमतेचा मोठा भाग लहान कारखान्याच्या हाती नसतोच. मोठा ग्राहक सोमवारी वेळापत्रक देतो आणि बुधवारी बदलतो. पैसे तीन-तीन महिने अडकवतो. पोलादाचा व्यापारी सुटा माल देत नाही, म्हणून गरज नसताना पूर्ण बंडल घ्यावं लागतं. वेळापत्रक असं हलत असेल तर लॉट लहान करून साठा कमी करणारा कारखाना पहिल्याच झटक्यात उघडा पडतो. हे बरोबर आहे. त्यामुळे वेळेवर पैसे देण्याचे कायदे आणि त्यांची अंमलबजावणी हे उत्पादकतेचंच धोरण आहे, ते सहानुभूतीच्या रकान्यात टाकू नये. करारात निदान पुढच्या एका आठवड्याचं वेळापत्रक गोठवावं, त्यात बदल केला तर सेटिंगचा खर्च ग्राहकाने द्यावा. मोठे ग्राहक स्वतःच्या असेंब्ली लाइनसाठी हे गोठवणं पाळतात, पुरवठादारासाठी पाळत नाहीत.

दुसरा आक्षेप कामगाराचा. सेटिंगचा वेळ निम्मा झाला की दोन सेटरांपैकी एकाला घरी जावं लागतं, हे त्याने पाहिलेलं असतं. एकदा असं झालं की त्या कारखान्यात दुसरी सुधारणा होत नाही. चित्रण करायला गेलात तर सेटर आपली खरी क्लृप्ती दाखवणार नाही. वाचलेला वेळ माणूस कमी करायला वापरायचा नाही, जास्त वेळा सेटिंग करून लॉट लहान करायला वापरायचा, हे लेखी असावं. आठवड्याला चार सेटिंग दोन-दोन तासांची होती, म्हणजे आठ तास. सेटिंग अर्ध्या तासावर आलं तर त्याच आठ तासांत सोळा होतात, लॉट चौथ्या हिश्शाचा होतो, आणि सेटरचं काम कमी न होता वाढतं. नगावर मजुरी देण्याची पद्धत मात्र या सगळ्याच्या मुळावर येते. सेटिंगचा वेळ ऑपरेटरच्या खिशातून जात असेल तर तो मोठा लॉटच मागणार, बोथट टूल आणखी शंभर नग चालवणार आणि शंकास्पद नग ढिगात सरकवणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पैसे त्याचेच मिळतात.

मशीन कधीच घेऊ नये असं यातून निघत नाही. स्लाइड झिजून टॉलरन्स धरत नसेल, कंट्रोलरचे सुटे भाग बाजारातून गेले असतील, सुरक्षेची व्यवस्था नसेल, तर घ्यावंच, त्याला नोंदवही लागत नाही. क्षमतेसाठी घ्यायचं असेल तेव्हा मात्र आधी अडणाऱ्या मशीनचं सेटिंग निम्म्यावर आलेलं असावं, ते जेवणाच्या सुट्टीत चालत असावं, सोपी ऑपरेशनं बाहेर गेलेली असावीत, आणि तरीही त्याच्यापुढचा ढीग सलग दोन महिने उतरत नसावा. मग खरेदीत वेगापेक्षा वेगळ्या गोष्टी पाहायच्या: सध्याचे जॉ, टूल होल्डर आणि फिक्स्चर त्यावर बसतात का, कंट्रोलर तोच आहे का, बेडची उंची आणि खाचा जुन्या मशीनशी जुळतात का. हे जुळलं नाही तर प्रत्येक जॉबचं सामान दोन-दोन संचांत ठेवावं लागेल, आणि कमी केलेला सेटिंगचा वेळ पहिल्याच महिन्यात पुन्हा वाढलेला दिसेल.